पाऊस सारखाच, पाणी निराळे
समशीतोष्ण द्वीपराष्ट्रे आणि लातूर-नांदेड : हवामानाचा तुलनात्मक विचार

लातूर जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरीने सुमारे ८०० मिलिमीटर पाऊस पडतो. नांदेड जिल्ह्यात हे प्रमाण ९०० मिलिमीटरच्या आसपास आहे. आयर्लंडची राजधानी डब्लिन येथे वर्षाचा पाऊस ७५० मिलिमीटरच्या घरात असतो, लंडन शहरी तो सुमारे ६०० मिलिमीटर असतो आणि न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील ख्राइस्टचर्च येथेही तो सहाशेहून थोडासाच अधिक भरतो. केवळ आकड्यांपुरते पाहिले तर लातूर हे लंडनपेक्षा अधिक पावसाचे ठिकाण ठरते. असे असूनही डब्लिनच्या परिसरातील कुरणे बहुतेक वर्षभर हिरवी राहतात आणि लातूर शहराला मात्र एप्रिल २०१६ मध्ये रेल्वेने पाणी आणावे लागले. मिरजेहून निघालेली पहिली पाणीगाडी १२ एप्रिल २०१६ रोजी लातुरास पोहोचली, तेव्हा तिच्या दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. पुढे पन्नास वाघिणींची गाडी सुरू झाली आणि एका खेपेत सुमारे पंचवीस लाख लिटर पाणी येऊ लागले. पावसाळा चांगला लागेपर्यंत शहराचा भार बऱ्याच अंशी या गाडीवर होता.

सारख्या पावसाचे दोन ठिकाणी इतके भिन्न परिणाम का व्हावेत, हा प्रश्न केवळ भूगोलाच्या तासाचा नाही. टंचाई आराखडा तयार करणारे अधिकारी, पीकपद्धतीचा विचार करणारे ग्रामपंचायत सदस्य आणि नकाशासमोर उभे राहून शिकविणारे शिक्षक या सर्वांना त्याच्याशी कर्तव्य आहे. ब्रिटन, आयर्लंड, न्यूझीलंड आणि जपान या समशीतोष्ण कटिबंधातील बेटांच्या हवामानाशी लातूर-नांदेडची तुलना करून पाहिली, तर उत्तराचा बराचसा भाग हाती लागतो. ही बेटेही परस्परांसारखी नाहीत, हे त्या ओघात दिसून येतेच.

समुद्राचे सान्निध्य

जमिनीपेक्षा पाणी हळूहळू तापते आणि हळूहळू निवते. समान वजनाच्या कोरड्या मातीपेक्षा पाण्याचे तापमान एक अंशाने वाढविण्यास चार ते पाच पट उष्णता लागते. शिवाय समुद्राचे पाणी सतत ढवळले जात असल्याने ती उष्णता खोलवर पसरते. म्हणून समुद्राजवळच्या प्रदेशात उन्हाळा फार कडक होत नाही आणि हिवाळाही सुसह्य राहतो. ब्रिटन, आयर्लंड, जपान किंवा न्यूझीलंड यांच्या मुख्य बेटांवर कोठेही उभे राहिले, तरी समुद्र दीडशे किलोमीटरांच्या आतच असतो. याउलट लातूर अरबी समुद्रापासून सरळ रेषेत पावणेचारशे किलोमीटरांच्या आसपास आहे व मध्ये सह्याद्रीची भिंत आहे. नांदेड अरबी समुद्रापासून सुमारे साडेचारशे आणि बंगालच्या उपसागरापासून सुमारे पाचशे किलोमीटर, म्हणजे दोन समुद्रांच्या जवळजवळ मध्यावर वसले आहे.

आयर्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील व्हॅलेन्शिया येथे जानेवारीचे सरासरी तापमान सुमारे ७ अंश सेल्सिअस आणि जुलैचे सुमारे १५ अंश असते. थंडीचा महिना आणि उन्हाळ्याचा महिना यांत अंतर अवघे आठ अंशांचे! सम हवामानाचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण. अटलांटिक महासागरातून ईशान्येकडे वाहणारा उबदार प्रवाह आणि त्यावरून येणारे पश्चिमी वारे यांचा हा परिणाम होय.

"बेटांचे हवामान सम, खंडांतर्गत प्रदेशाचे विषम" हे पाठ्यपुस्तकातील सूत्र मात्र जपून वापरावे लागते. नांदेडला मे महिन्यात दुपारचे तापमान सरासरीने ४२ अंशांपर्यंत चढते आणि डिसेंबरात पहाटे ते १२-१३ अंशांपर्यंत उतरते. परंतु दिवस व रात्र यांची सरासरी काढून मे आणि डिसेंबर या दोन महिन्यांची तुलना केली, तर फरक साधारण चौदा अंशांचा निघतो. लंडनला जानेवारी आणि जुलै यांतील फरक तेराच्या आसपास आहे. म्हणजे या एका कसोटीवर नांदेड आणि लंडन जवळजवळ सारखेच ठरतात. टोकियोला जानेवारीत ५ आणि ऑगस्टमध्ये २७ अंशांच्या आसपास तापमान असते, फरक बावीस अंशांचा. बेट असूनही नांदेडपेक्षा अधिक. याचे कारण हिवाळ्यात जपानवर सायबेरियाच्या बाजूने थंड वारे येतात, तर उष्ण कटिबंधातील नांदेडला सूर्य बारा महिने बऱ्यापैकी उंचावर असतो. तेव्हा तापमानाची वार्षिक कक्षा ही नांदेडच्या अडचणीचे मूळ नव्हे. तापमानाची एकूण पातळीच उंच आहे, हे तिचे मूळ आहे. जुलै २०२२ मध्ये इंग्लंडमध्ये पारा प्रथमच ४० अंशांच्या वर गेला, तेव्हा ती साऱ्या जगातील वृत्तपत्रांची बातमी झाली. नांदेडकरांना एप्रिल-मे महिन्यांत त्या आकड्याचे नवल वाटत नाही.

डोंगराच्या आडचा प्रदेश

मराठवाडा पर्जन्यछायेत येतो, हे सर्वांस ठाऊक आहे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि पूर्वेकडे उतरताच तो झपाट्याने घटतो. परंतु पर्जन्यछाया ही काही मराठवाड्याच्याच वाट्याला आलेली नाही. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर पर्वतांची उंच रांग उत्तर-दक्षिण पसरलेली आहे आणि वारे पश्चिमेकडून येतात. त्यामुळे पश्चिम किनाऱ्यावरील मिलफर्ड साउंड येथे सहा हजार मिलिमीटरांहून अधिक, होकिटिका येथे तीन हजारांच्या जवळपास, आणि पर्वतापलीकडे ख्राइस्टचर्च येथे जेमतेम सहाशे, असे पावसाचे मान आहे. ब्रिटनमध्येही पश्चिमेकडील डोंगराळ भागात काही ठिकाणी तीन हजार मिलिमीटर आणि पूर्व किनाऱ्याजवळ सहाशेहून कमी पाऊस पडतो. नकाशा फिरवून पाहिला तर ख्राइस्टचर्चचे मैदान हा जणू न्यूझीलंडचा मराठवाडाच आहे.

तरीही त्या मैदानावर शेती आणि पशुपालन भरभराटीस आले. ख्राइस्टचर्चचा पाऊस थोडा असला तरी तो बारा महिन्यांत विभागलेला आहे. महिन्याला सुमारे पन्नास मिलिमीटर, थोडे इकडे थोडे तिकडे. आणि त्याहून महत्त्वाची गोष्ट नद्यांची. वायमाकारिरी आणि राकाया या तेथील मोठ्या नद्या पर्वताच्या माथ्याजवळ, ओल्या बाजूच्या पावसात आणि बर्फात उगम पावतात व ते पाणी कोरड्या मैदानात आणून सोडतात. छाया पावसाची आहे, पाण्याची नाही.

हाच निकष लातूर आणि नांदेड यांना लावला असता दोन शेजारी जिल्ह्यांतील फरक स्पष्ट होतो. लातूरची मुख्य नदी मांजरा. तिचा उगम सह्याद्रीत नाही. बीड जिल्ह्यातील पाटोदा तालुक्यात, बालाघाटच्या डोंगरात ती उगम पावते. म्हणजे ज्या प्रदेशावर पाऊस कमी पडतो, त्याच प्रदेशात ती जन्मते आणि त्याच प्रदेशातून वाहते. केज तालुक्यातील धनेगाव येथे तिच्यावर मांजरा धरण आहे व लातूर शहराची तहान मुख्यतः त्यावर भागते. बालाघाटावर पाऊस रुसला की धरण रिकामे राहते. दूरच्या एखाद्या डोंगरावर पडलेला पाऊस मदतीला येण्याची सोय नाही. नांदेडची गोष्ट निराळी. तेथे गोदावरी आहे आणि गोदावरी त्र्यंबकेश्वराच्या डोंगरातून, सह्याद्रीच्या पावसाचा वाटा घेऊन येते. जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून पैनगंगा वाहते. किनवट-माहूरच्या वनाच्छादित डोंगराळ भागात पाऊस जिल्ह्याच्या इतर भागांपेक्षा अधिक पडतो, आणि बंगालच्या उपसागरातून सरकत येणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांचा लाभही या पूर्वेकडील जिल्ह्यास जास्त मिळतो.

अर्थात गोदावरी आहे म्हणून नांदेड निर्धास्त आहे, असे मुळीच नाही. वरच्या अंगाला नाशिक व अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यांतील धरणे आणि पैठणचा जायकवाडी प्रकल्प भरल्यानंतरच मुख्य प्रवाह पुढे सरकतो. नांदेडजवळच्या विष्णुपुरी प्रकल्पाने शहराला व आसपासच्या शेतीला आधार दिला. धर्माबाद तालुक्यातील बाभळी बंधाऱ्याचे दरवाजे मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानुसार १ जुलै ते २८ ऑक्टोबर या काळात उघडे ठेवावे लागतात, आणि नदीला पाणी असते ते नेमके याच महिन्यांत.

लातूरला रेल्वेने आलेले पाणी मिरजेचे, म्हणजे कृष्णेचे होते; आणि कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते. पर्वताच्या ओल्या बाजूचे पाणी कोरड्या बाजूला नेण्याचे जे काम न्यूझीलंडमध्ये राकाया नदी बारमाही करते, ते काम लातूरसाठी काही महिने रेल्वेने केले, एवढाच त्याचा भौगोलिक अर्थ.

वर्षाचा पाऊस किती दिवसांत?

लंडनला वर्षातून सुमारे ११० दिवस मोजण्याजोगा पाऊस होतो. आयर्लंडच्या पश्चिम भागात असे दिवस दोनशेच्या वर जातात. तेथील पाऊस म्हणजे बहुधा भुरभुर; छत्री उघडावी की नाही, असा संभ्रम पडावा इतकी. लातूर-नांदेडमध्ये पर्जन्यदिन साधारण ४० ते ५० असतात. दोन्हीकडे पर्जन्यदिन मोजण्याची रीत थोडी वेगळी आहे. ब्रिटन-आयर्लंडात एक मिलिमीटरापासून, तर भारतात अडीच मिलिमीटरांपासून गणना होते. परंतु तेवढ्याने मूळ तफावत पुसली जात नाही. वर्षाच्या पावसापैकी ८० ते ८५ टक्के पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो, आणि त्यातलाही मोठा हिस्सा मोजक्या दहा-बारा दिवसांत कोसळतो.

महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला की आपल्याकडे तो अतिवृष्टी म्हणून नोंदला जातो व नुकसानीचे पंचनामे सुरू होतात, हे तलाठी व ग्रामसेवक यांच्या नित्य परिचयाचे आहे. लंडनला एवढा पाऊस पडण्यास सरासरीने महिन्याहून अधिक काळ लागतो. तेथे तो जमिनीत जिरतो; येथे तो मातीसह ओढ्याला जातो. ऑगस्ट २०२५ मध्ये नांदेड जिल्ह्यातील मुखेड तालुक्यात एका रात्रीच्या पावसाने गावांत पाणी शिरले आणि बचावकार्यासाठी सैन्यदलाला पाचारण करावे लागले. असा पाऊस वार्षिक सरासरीचा आकडा मात्र फुगवितो. त्या वर्षाच्या नोंदवहीत तो समाधानकारक पाऊस म्हणूनही दिसू शकेल.

जपानचे उदाहरण येथे अधिक जवळचे आहे. जपानलाही मोसमी वारे आहेत. जून-जुलैत तेथे पावसाचा मोठा हंगाम असतो, त्याला 'बाइउ' म्हणतात, आणि ऑगस्ट ते ऑक्टोबरात चक्रीवादळे मुसळधार पाऊस आणतात. नद्या आखूड व तीव्र उताराच्या. पाणी पाहता पाहता समुद्रास मिळते. परंतु निसर्गाने जपानला एक सवलत दिली आहे. हिवाळ्यात सायबेरियाकडून येणारे वारे जपानच्या समुद्रावरून बाष्प उचलतात आणि पश्चिमेकडील डोंगरांवर ते हिमरूपाने टाकतात. हे हिम वसंत ऋतूत वितळून भाताच्या लावणीच्या वेळी खाचरांत येते. ज्याला भिंत नाही, गाळ नाही आणि भूसंपादन नाही, असे ते डोंगरावरील धरणच म्हणावे लागेल. मराठवाड्याला दोन वाऱ्यांपैकी एकच पाणी देतो. ईशान्येकडून येणारा हिवाळी वारा येथे पोहोचेपर्यंत कोरडा झालेला असतो.

बाष्पीभवनाचा जमाखर्च

पाऊस ही जमेची बाजू. बाष्पीभवन ही खर्चाची. समशीतोष्ण बेटे आणि मराठवाडा यांच्यातील सर्वांत मोठा फरक जमेच्या बाजूला नसून खर्चाच्या बाजूला आहे, आणि पर्जन्यमानाच्या तक्त्यात तो दिसत नसल्याने सहसा दुर्लक्षिला जातो.

जमिनीत पुरेसे पाणी आहे असे गृहीत धरले, तर ऊन, वारा व पिके मिळून वर्षाला जितके पाणी हवेत उडवू शकतात, ते प्रमाण आग्नेय इंग्लंडमध्ये पाचशे ते साडेसहाशे मिलिमीटर आहे. म्हणजे पाऊस आणि खर्च जवळजवळ बरोबरीत. मराठवाड्यात हा संभाव्य खर्च दीड हजार मिलिमीटरांहून अधिक आहे. आठशेची प्राप्ती आणि दीड हजाराहून अधिक मागणी, असा हा संसार आहे. मे महिन्यात उघड्या पाण्याची पातळी दिवसाला सुमारे एक सेंटीमीटर केवळ उन्हाने खाली जाते.

हा खर्च कोणत्या महिन्यांत होतो, यालाही महत्त्व आहे. लंडनला हिवाळ्यात सूर्य इतका मंद असतो की बाष्पीभवन नाममात्र उरते. त्या चार-पाच महिन्यांचा पाऊस जवळजवळ सगळा जमिनीत मुरावयास मोकळा असतो. आणि मुरण्याजोगी जमीनही तेथे आहे. आग्नेय इंग्लंडच्या पोटात खडूच्या दगडाचा जाड थर आहे. हा थर भेगांतून पाणी घेतो, साठवितो आणि उन्हाळ्यात झऱ्यांवाटे परत देतो. त्या भागाच्या पाणीपुरवठ्याचा मोठा हिस्सा याच थरातून येतो. मराठवाड्याच्या पोटात काळा पाषाण आहे. बेसॉल्टच्या शंभर घनमीटर भिजलेल्या खडकातून विहिरीला साधारण एक ते तीन घनमीटरच पाणी सुटते. तेव्हा भूगर्भातील टाकीच मुळात लहान. ती एका चांगल्या पावसाळ्यात भरते आणि विंधन विहिरी वाढल्या की एका उन्हाळ्यात रिकामीही होते.

काळ्या मातीचा गुण मात्र मान्य केलाच पाहिजे. भारी काळी जमीन एक मीटर खोलीत सुमारे दोनशे मिलिमीटर पाणी धरून ठेवू शकते. त्या ओलीवर, एकही पाळी न देता, रब्बीची ज्वारी पिढ्यान्‌पिढ्या काढली गेली. शेतकऱ्याने पर्जन्यमापकाशिवाय साधलेली ही जमाखर्चाची जुळणीच होती. उलट उसाला हंगामभरात १,८०० ते २,२०० मिलिमीटर पाणी लागते, म्हणजे लातूरच्या वार्षिक पावसाच्या दुपटीहून अधिक. सोयाबीन ४५० ते ५०० मिलिमीटरांत भागविते. उसाने जिल्ह्यात पैसा आणला, कारखाने उभे राहिले, हे खरे असले तरी प्रत्येक एकर उसामागे दुसऱ्या कुठल्यातरी दीड एकरावरचा पाऊस खर्ची पडतो, हेही तितकेच खरे आहे. आणि तो पाऊस बहुधा शेजारच्या विहिरीतून येतो.

सरासरीचा भ्रम

बेटांवरही अवर्षण पडते. १९७५ च्या मे महिन्यापासून १९७६ च्या ऑगस्टअखेरपर्यंत इंग्लंड व वेल्समध्ये पावसाने दगा दिला. १९७६ मध्ये तेथील संसदेने त्यासाठी खास कायदा केला, अवर्षणासाठी मंत्री नेमला आणि काही भागांत लोकांना रस्त्यावरच्या नळावरून बादल्यांनी पाणी न्यावे लागले. तथापि तेथे ही घटना पन्नास वर्षांनंतरही आठवणीने सांगितली जाते. मराठवाड्यात असे वर्ष सांगताना कोणते, हे स्पष्ट करावे लागते. १९७२ च्या दुष्काळाने रोजगार हमी योजनेला व्यापक रूप दिले आणि त्या कामांतून पाझर तलाव व नाला बंडिंग गावोगाव पोहोचले. त्यानंतरही वाईट वर्षे येतच राहिली. २०१४ आणि २०१५ या लागोपाठच्या दोन पावसाळ्यांत मराठवाड्यात सरासरीपेक्षा सुमारे ४० टक्के पाऊस कमी झाला आणि मग रेल्वेची वेळ आली.

ज्या २०१६ च्या एप्रिलमध्ये लातुरात पाणीगाडी आली, त्याच वर्षी सप्टेंबरअखेरच्या जोरदार पावसाने मांजरा धरण भरले. सहा महिन्यांच्या अंतराने टँकर आणि पूर! या दोन वर्षांची सरासरी काढली तर ती कदाचित नेमस्त वाटेल. परंतु सरासरीचा पाऊस पडलेले वर्ष मराठवाड्यात क्वचितच अनुभवास येते. डब्लिनच्या शेतकऱ्याला सरासरी हा अंदाज म्हणून उपयोगी पडतो. औसा किंवा देगलूर येथील शेतकऱ्याला तो तसा वापरता येत नाही.

सानुकी मैदानाचा धडा

जपानच्या शिकोकू बेटावर कागावा नावाचा प्रांत आहे. क्षेत्रफळाने तो जपानमधील सर्वांत लहान. लातूर जिल्ह्याच्या जवळजवळ चौथा भाग. दक्षिणेस आणि उत्तरेस, समुद्राच्या अरुंद पट्ट्यापलीकडे, डोंगर असल्याने दोन्ही बाजूंचे वारे तेथे कोरडे होऊन येतात. जपानची सरासरी १,७०० मिलिमीटरांच्या आसपास असता तेथे सुमारे १,१०० मिलिमीटरच पाऊस पडतो व मोठी नदीही नाही. या सानुकी मैदानातील लोकांनी शतकानुशतके तळी खोदली. आजही त्या लहानशा प्रांतात बारा हजारांहून अधिक तळी आहेत. त्यांपैकी मानो नावाच्या मोठ्या तलावाचा फुटलेला बांध कूकाई या बौद्ध भिक्षूच्या देखरेखीखाली इ. स. ८२१ मध्ये दुरुस्त झाला. तो तलाव अद्याप वापरात आहे. पुढे शिकोकूमधील योशिनो नदीचे पाणी डोंगराखालून बोगद्याने आणण्यात आले व १९७४ पासून ते कागावास मिळू लागले. इतके करूनही १९९४ च्या अवर्षणात तेथील ताकामात्सु शहरास दिवसातून काही तासच पाणी देता आले.

नांदेड जिल्ह्याला ही कथा परकी वाटू नये. कंधारचा जगत्तुंग सागर हा राष्ट्रकूट काळातील तलाव, म्हणजे मानो तलावाच्या दुरुस्तीच्या काळाशी फार दूर नसलेल्या युगातला. येथील राज्यकर्त्यांनाही चार महिन्यांचे पाणी बारा महिने पुरविण्याची गरज तेव्हाच उमगली होती. अलीकडे लातूर जिल्ह्यात मांजरा, तेरणा व रेणा या नद्यांवर बॅरेजेसची जी साखळी उभी राहिली, ती याच परंपरेतील म्हणता येईल. फरक आहे तो कागावातील व्यवस्थेचा. तेथे तळ्याचे पाणी कोणाच्या शेतात केव्हा जावयाचे आणि गाळ कोणी काढावयाचा, हे लाभधारकांच्या संघटना ठरवितात व हिवाळ्यात तळे उपसून स्वच्छ करण्याची प्रथा पाळतात.

मात्र कागावातील उथळ तळ्यांची नक्कल मराठवाड्यात जशीच्या तशी करणे हिताचे नाही. तेथील ऊन सौम्य आहे. येथे ऑक्टोबर ते मे या काळात उघड्या तळ्याच्या पृष्ठभागावरून एक मीटरहून अधिक उंचीचे पाणी हवेत जाते. दोन मीटर खोल, ऐसपैस शेततळ्यातील निम्मे पाणी अशा रीतीने नाहीसे होईल. त्याच घनफळाचे पण खोल व आटोपशीर तळे कितीतरी अधिक राखून ठेवील. शेततळ्याचा आकार ठरविताना लांबी-रुंदीपेक्षा खोलीचा विचार आधी व्हावा. शक्य तेथे पाणी उघड्यावर ठेवण्यापेक्षा जमिनीत मुरविणे केव्हाही चांगले. रुंद वरंबा-सरीवरील पेरणीचा उपयोगही याच दिशेने होतो. तीत जादा पाणी सरीवाटे निघून जाते आणि खंडाच्या काळात वरंब्यातील ओल पिकाला साथ देते.

गावाची नोंदवही

महसूल मंडळ पातळीवर आता स्वयंचलित हवामान केंद्रे आहेत व रोजचा पाऊस कळतो. तथापि एकाच मंडळातील दोन गावांत एकाच सायंकाळी पन्नास आणि पाच मिलिमीटर असा पाऊस पडणे लातूर-नांदेडकडे नवे नाही. शाळेच्या आवारात साधा पर्जन्यमापक बसवून सकाळी साडेआठ वाजता नोंद घेण्याचे काम सातवी-आठवीचे विद्यार्थी सहज करू शकतात. नोंदवहीत एकूण पावसाबरोबर आणखी दोन रकाने असावेत : पावसाचे दिवस किती झाले, आणि दोन पावसांमध्ये सर्वांत मोठा खंड किती दिवसांचा पडला. सोयाबीन फुलोऱ्यात असताना पडलेला वीस दिवसांचा खंड वार्षिक बेरजेत कोठेच उमटत नाही. पीकविम्याच्या चर्चेत मात्र पहिला प्रश्न तोच असतो.

पावसाच्या नोंदीला विहिरीच्या नोंदीची जोड दिली तर जमाखर्च पुरा होतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यातील निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर या चार महिन्यांत मोजते. गावातील दोन विहिरी निवडून ग्रामपंचायतीने त्याच महिन्यांत दोरी टाकून माप घ्यावे आणि ते फळ्यावर लिहावे. ऑक्टोबरचे माप रब्बीत किती क्षेत्र भिजविता येईल, याचा अंदाज देते. मार्चच्या मापावरून टँकर कोणत्या पंधरवड्यात मागवावा लागेल, हे तहसील कार्यालयाला दोन महिने आधी कळविता येते.